एका पावसाळ्याची सुट्टी

आमच्या ह्यांनी वाळवंट हिरवं केलं, असं अख्खी गल्ली म्हणते. केलं असेल. मी काही बघायला गेले नव्हते. माझं परसू मात्र ह्यांनी पहिल्या महिन्यातच बुडवलं, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

हे म्हणजे माझा नवरा, सुलेमान. एकतीस वर्षं कुवेतला होते. आधी नुसते माळी, मग मुकादम. तिकडे मोठमोठ्या चौकांत गोल बागा असतात म्हणे. तिथं लाल, पांढरी, जांभळी फुलं उभी करायची, हे ह्यांचं काम. घरात फोटो आहेत ना. भिंतीवर आमच्या उझमाच्या निकाहचा फोटो एक आणि ह्यांच्या चौकांचे चार. पाणी टँकरनं यायचं, तेही मोजून. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की सगळं जळून खाक, म्हणून उन्हाळ्यात ह्यांना कधी कोणी सोडलं नाही. सुट्टी मिळायची ती डिसेंबरात, दोन वर्षांतून एकदा. तेव्हा इथं काय, आभाळ निळं, हवा गार, परसात लाल माठ आणि मुळा. ह्यांना वाटायचं, रत्नागिरी म्हणजे हेच.

एकतीस वर्षांत ह्या माणसानं इथला एकही पावसाळा बघितला नव्हता. आणि गंमत अशी, की आपण घर सोडलं तेव्हा जसा पडत होता तसाच तो अजून पडतो, अशी ह्यांची पक्की खात्री.

यंदा एप्रिलच्या शेवटी आले ते मोठी सुट्टी घेऊन. जमलेली सगळी रजा कंपनीनं एकदम दिली होती. सहा महिन्यांत परत गेलं तर नोकरी आहे. नाही गेलं तर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, आपोआप रद्द. मग जन्मात परत जाणं नाही. वय एकसष्ट, नवीन परवाना कोण देतो?

उझमा फोनवर म्हणाली, "अब्बा, बास झालं आता. राहा घरी."

हे म्हणाले, "बघू. एक पावसाळा काढून बघतो. मन लागलं तर राहतो."

मन लागलं तर! ऐकलंत? स्वतःच्या घरात मन लागतं का ते बघायला माणूस सहा महिन्यांची सुट्टी घेऊन आला होता.  आमच्याकडे जाण्या-राहण्याच्या बाबतीत बायका बोलत नाहीत. नवरा तिकडे निघाला की दंडाला इमाम-जामिनचं कापड बांधायचं, सुखरूप पोचू दे म्हणून दुवा करायची, आणि गाडी वळणापल्याड गेली की मग आत जाऊन काय रडायचं ते रडायचं. "जाऊ नका" हा शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. म्हटलं तर त्या माणसाचा पाय कसा उचलेल? आणि पाय उचलला नाही तर खाणार काय?

तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "रझिया, परसू माझ्या हातात दे."

मी दिलं. खरं सांगते, बरं वाटलं मला. गुडघे गेलेत माझे. आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर. खाली सगळा कातळ, कुदळ मारली की ठिणगी उडते. परसातली माती मी आणून घातलीय, गोणी गोणी करून, सून म्हणून आले तेव्हापासून. बंदरावरून जवळ्याचा चुरा आणायचा, मासळीची घाण आणायची, पाला कुजवायचा, त्यात मिसळायचं. एवढं करून माती किती? जेमतेम वीतभर, खाली पुन्हा कातळच. दरवर्षी थोडी पावसात वाहून जाते, दरवर्षी मी परत घालते. ह्या वर्षी मला वाटलं, कोणीतरी दुसरं घालू दे.

शिवाय नवरा रिकामा बसला की पायात येतो. त्यापेक्षा परसात बरा.

पंधरवड्यात ह्यांनी परसाचं रूप पालटलं. माझे वरंबे मोडले. पावसात आम्ही मातीचे उंच बांध घालतो आणि रोप लावतो ते बांधाच्या माथ्यावर. पाणी खालून आपल्या वाटेनं जातं, मूळ कोरडं राहतं. ह्यांनी ते सगळं सपाट केलं आणि प्रत्येक रोपासाठी आळं केलं. बशीसारखं खोलगट, गोल, कडेला मातीचा काठ. काय सुबक! एकेक आळं जणू परकार फिरवून काढलेलं. गल्लीतले लोक येऊन बघून गेले.

मी म्हटलं, "अहो, ह्यात पाणी साचेल."

"साचायलाच पाहिजे," हे म्हणाले. "नाहीतर पाणी वाया जातं."

"इथं वाया जायलाच लागतं पाणी."

हे हसले. लहान पोराकडे बघून हसतात तसे. "रझिया, मी एकतीस वर्षं हेच केलंय."

 मनात म्हटलं, मिरगाला अजून वेळ आहे, तोवर समजावू हळूहळू. पण मिरगाची वाट कोण बघतो आता? मे महिना संपायच्या आत असा कोसळला की बंदरावरच्या होड्या ओढायलाही लोकांना सवड मिळाली नाही. चार दिवस धो धो. ह्यांची आळी भरली, काठोकाठ. खाली कातळ, पाणी जाणार कुठं? दोडकी, पडवळ, भेंडी, सगळं बी आत शिजल्यासारखं झालं. वास सुटला.

मी म्हणणार होते, "सांगितलं होतं ना?" म्हणायची सोय राहिली नाही. कारण भिंतीकडेला एक पट्टा मी माझ्यासाठी ठेवला होता, माझ्या पद्धतीनं वरंबे घातले होते, त्यावर काकडी लावली होती. ती काकडी त्या पावसातून वाचली, वर आली, दोन पानं फुटली. आणि जूनमध्ये, भर मिरगात, पाऊस गायब. ऊन कसलं, एप्रिलसारखं. कातळ तापला आणि माझे वरंबे खडखडीत वाळले. उंच माती लवकर सुकते. काकडीची पानं हातात घेतली तर चुरा झाला. म्हणजे ह्यांचं बुडून मेलं आणि माझं वाळून मेलं. ह्या पावसाला ना ह्यांची विद्या कळत, ना माझी.

शेजारच्या चंपाचीही तीच गत. चंपा म्हणजे राजाराम गुरुजींची बायको, अंगणवाडीत होती, आता निवृत्त झालीय. तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माती आणि जास्त उत्साह. ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "रझियाभाभी, माझा माठ उगवला, कुजला, परत पेरला, आता वाळला. मला वाटतं आता बी थेट आमटीत घालावं." आम्ही दोघी हसलो. थकलेलं माणूस हसतं तसं.

जुलैत परत पेरायचं ठरलं. चंपा विहारात वर्षावासाच्या वाचनाला चालली होती, जाता जाता कुंपणावरून तिनं काकडीचं बी दिलं. मी गुडघ्याला तेल चोळून वाकले आणि माझ्या पट्ट्यात परत वरंबे घातले. ह्या खेपेला पाऊस नेमका होता, मापात. रोपं छान उठली. पोटरीएवढी झाली. मला जरा धीर आला.

हे मात्र खिडकीत बसून असायचे. पाऊस बघत. लोकांना पाऊस बघून बरं वाटतं, ह्यांचं तोंड उतरायचं. पागोळ्या, गटार, चढावरून धावणारं पाणी, सगळं खाली समुद्रात. "एवढं पाणी," म्हणायचे. "एवढं पाणी, रझिया." बादली घेऊन पागोळीखाली ठेवायचे. बादली भरली की दुसरी. घरातलं एकेक पातेलं ह्यांनी अंगणात मांडलं. मी भात कशात शिजवू?

बाकी वेळ फोन. तिकडच्या, हाताखालच्या पोरांचा व्हिडिओ कॉल. कुठल्या चौकात काय लावलं, कुठली पाइप फुटली. ह्यांचा आवाज तेव्हा निराळाच असायचा, खणखणीत. मी आतून ऐकायची. तिकडच्या फुलांची नावं ह्यांना तोंडपाठ. उझमा दहावीला कुठल्या शाळेत होती, विचारा. सांगता येणार नाही. ह्यात त्यांचा दोष नाही हे मला कळतं. कळून राग जात नाही.

एक दिवस मी खाली बाजारात गेले होते. पिशव्या घेऊन, चढ चढून, धापा टाकत घरी आले आणि मागं गेले, तर माझा पट्टा सपाट. माझे वरंबे मोडून ह्यांनी प्रत्येक काकडीला आळं केलं होतं. तितकंच सुबक, तितकंच गोल. वर तोंडभर हसून म्हणतात, "तू दमतेस, म्हणून करून टाकलं."

आणि रात्रभर पाऊस. सकाळी काकड्या पिवळ्या. दुसऱ्या दिवशी आडव्या.

माझं डोकं फिरलं. पिशवी तशीच चिखलात टाकावी तसे शब्द टाकले मी. "तुम्हाला इथलं काही कळत नाही. मातीतलं नाही, पाण्यातलं नाही, माझ्यातलं तर नाहीच नाही. एकतीस वर्षं मी हे परसू एकटीनं सांभाळलं, घर एकटीनं सांभाळलं. तुमच्या आईचं दुखणं काढलं, पोर वाढवली. तेव्हा कुणी विचारलं नाही रझिया दमते का. आता आलात मला आराम द्यायला! मन लागतं का बघायला! जा तुम्ही. तुमच्या चौकांत जा. माझं परसू मला परत द्या."

ह्यांनी कुदळ भिंतीला टेकवली. पागोळीखालच्या बादलीत हात धुतले, पाणी सांडू न देता. आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी अझीमला फोन केला. अझीम माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबईची गाडी चालवतो, विमानतळाची भाडी त्याचीच असतात. त्याच्याकडून तिकीट काढून घेतलं. ऑक्टोबरच्या शेवटचं, सहा महिने भरायच्या चार दिवस आधीचं. मला सांगितलं जेवताना, मीठ मागावं तसं. मी म्हटलं, "बरं."

बस. एवढंच.

मला वाटलं होतं, सुटले. परसू माझं, घर माझं, माझ्या वेळेला चहा. रात्री पडल्या पडल्या मात्र मी ऑक्टोबरपर्यंतचे दिवस मोजायची. पण राग काही उतरत नव्हता, आणि माझं नाक तुम्हाला माहीत नाही. ते खाली यायला वेळ लागतो.

ऑगस्टात पाऊस थांबला. म्हणजे थांबलाच. आभाळ कोरडं, भर पावसाळ्यात घामाच्या धारा. नळाला पाणी एकाआड एक दिवस, तेही करंगळीएवढं. चंपाचं पडवळ कोमेजलं, सगळ्या गल्लीतलं कोमेजलं. मी परसाकडे बघायचं सोडलं होतं. आता माझ्याच्यानं तिसऱ्यांदा पेरणं होणार नव्हतं. जे मरायचं ते मरू दे म्हटलं.

आणि एक दिवस सकाळी मागून ठोकायचा आवाज आला. बघते तर हे. बंदरावरून ट्रॉलरचं जुनं जाळं आणलं होतं. चार वासे रोवून त्यावर जाळं ताणलं, जाळ्यावर नारळाच्या झावळ्या, आणि खाली सावली. मेमध्ये बुडालेल्या त्या आळ्यांमध्ये ह्यांनी पाऊस थांबला तसं मला न विचारता परत बी टाकलं होतं, पडवळ आणि दोडकी, ती रोपं जिवंत होती. आळ्यात वाळका पाला पसरला. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांना सुईनं भोक पाडून एकेक बाटली एकेका मुळाशी उलटी रोवली. त्यात पाणी कुठलं? पावसात मांडलेल्या त्या पातेल्यांतलं, बादल्यांतलं. ह्यांनी ते मागच्या पिंपात भरून ठेवलं होतं, वर झाकण. मी त्यावरून किती भांडले होते! तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, हे हातातून काढून घ्यायचे. थेंब थेंब, थेंब थेंब.

हे काम आपल्याला कळतं, असं ह्यांच्या सगळ्या अंगावर लिहिलेलं होतं. पाठ ताठ झाली होती. कधी न ऐकलेलं काहीतरी गुणगुणत होते, अरबी असेल. चंपा कुंपणाशी येऊन म्हणाली, "भावजी, आमच्याकडे पण या की बघायला." गेले. तिचं पडवळ वाचवलं. गुरुजींनी ह्यांना चहा पाजला, आणि ह्यांनी गुरुजींना उलट्या बाटलीवर तासभर भाषण दिलं.

वेल चढले. जाळ्यावरून पसरले, मांडव भरला. सप्टेंबरात दोडकी लोंबायला लागली, पडवळं सुटली साप लटकावेत तशी. रोज सकाळी दोन-तीन काढून हे ओट्यावर आणून ठेवायचे. बोलायचे नाहीत. मी भाजी करायची. बोलायची नाही. हे दोन घास जास्त घ्यायचे. इतकंच आमचं बोलणं.

शब्द तोंडाशी यायचा, बाहेर पडायचा नाही. काय म्हणणार होते? चुकले मी? चुकले नव्हते. माझ्या काकड्या त्यांनीच मारल्या होत्या. पण आळी करणारा तो हात माझ्या ओट्यावर भाजी ठेवून जायचा आणि मी मांडवाखाली उभी राहून वर बघायची, वेलीतून ऊन कसं गाळून येतं ते. एवढी सावली ह्या परसात कधी नव्हती. मला वाटायचं, हे निघून गेले की मला ही सावली बघवणार नाही.

बोलले असते तर? पण थकवा असा असतो ना, की माघार घ्यायलाही अंगात बळ लागतं. आणि तिकीट काढलेलं. ह्यांनी तरी कुठं म्हटलं की नको जाऊ का? ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्या.

ऑक्टोबर आला तसं सामान जमायला लागलं. लोणचं, सुका जवळा, कुळथाचं पीठ, तिकडच्या पोरांसाठी आमसुलं. एक मोठं खोकं. खोकं बांधायचं काम माझं. पहिल्या वेळेपासून मीच बांधते. निळी नायलॉनची दोरी, बंदरावरची, आडवी-उभी, प्रत्येक चौकटीला गाठ. माझ्या गाठी मुंबईपासून कुवेतपर्यंत कधी सुटल्या नाहीत, हे सांगायचे आल्यावर. तेवढं एक कौतुक करायचे माझं. ह्या वेळी दोरी पुरेना. मग घरात होती नव्हती ती सगळी जोडून आदल्या संध्याकाळी मी ते खोकं बांधलं. गाठी आवळताना बोटं दुखली. पुढच्या खोलीत दाराशी नेऊन ठेवलं.

सकाळी निघायचं. रात्रीचं विमान, मुंबईपर्यंत दिवस जातो. मी फजरच्या नमाजला उठले तर आभाळ काळं. पाऊस जाऊन महिना होत आला होता, लोकांचं भात कापून पडलेलं. आणि आता हा आला, वारा घेऊन. समुद्राकडून असा सुटला की कौलं वाजायला लागली. आठ वाजले तरी उजेड नाही. हे इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, पुढच्या खोलीत बसले होते. पासपोर्ट खिशात. अझीमची वाट बघत. इमाम-जामिनचं हिरवं कापड मी कोनाड्यात काढून ठेवलं होतं.

मागून कडाड असा आवाज आला. वीज नव्हती ती.

मी धावले. मांडवाचा एक वासा उपटला होता. वीतभर मातीत किती धरणार तो? सगळं जाळं त्या अंगाला कललं, भिजलेल्या वेलीचं वजन, दोडक्यांचं वजन, झावळ्यांत साचलेलं पाणी. दुसरा वासाही हलत होता. आणि खाली आळी भरलेली, काठोकाठ, जशी मेमध्ये होती तशी. मी वासा धरला. माझ्यानं पेलेना. पाय सरकायला लागले.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी खांदा लावला. हे. इस्त्रीच्या शर्टासकट. वासा खांद्यावर घेऊन उभे राहिले, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरून पाण्याची धार.

"दोरी आण," ओरडले. "कुंपणापलीकडच्या आंब्याला ताणून बांधू, लवकर!"

मी पडवीत गेले. दोरी नाही. स्वयंपाकघरात सुतळीचा तुकडाही नाही. सगळी कुठं गेली ते मला माहीत होतं, मीच तर गुंडाळली होती. पुढच्या खोलीत आले. दाराशी खोकं. निळ्या दोरीत करकचून बांधलेलं, प्रत्येक चौकटीला माझी गाठ.

बाहेर अझीमच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मी विळा घेतला आणि पहिली गाठ कापली. मग दुसरी. मग सगळ्या. दोरी ओढून काढली तसं खोक्याचं तोंड उघडलं आणि जवळ्याची पुडी खाली पडली. पडू दे म्हटलं. दोरी घेऊन मागं धावले.

वाशाला तिढा घातला, आंब्याला ताणली, बांधली. माझ्या गाठी, सुटायच्या नाहीत. हे हळूच खांदा काढून बघत होते, मांडव उभा राहतो का. राहिला. मग त्यांची नजर दोरीवर गेली. निळी दोरी, तुकड्यातुकड्यांची, जोडलेली. हात लावून बघितला.

"ही खोक्याची ना?"

"हो."

"मग खोकं कशानं बांधणार?"

"नाही बांधणार," मी म्हटलं. आणि तेवढ्यानं काहीतरी सुटलं आत. पाऊस इतका होता की मी ओरडूनच बोलत होते. "जाऊ नका. एकतीस वर्षं म्हटलं नाही, आज म्हणते. जाऊ नका. परसू बुडवा, वाळवा, काय करायचं ते करा. माझे वरंबे मोडा. पण मला आता एकटीला नको हे. दमले मी."

 ह्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. पुढून परत हॉर्न वाजला, लांब. ह्यांनी खिशावर हात ठेवला, पासपोर्टच्या जागेवर. तोही भिजला असणार.

"इकामा जाईल, रझिया," म्हणाले. "परत मिळायचा नाही."

"माहीत आहे मला."

खाली बघितलं त्यांनी. भरलेल्या आळ्यांकडे, एकेकाकडे, सावकाश. पाणी काठावरून सांडायला लागलं होतं. मग खाली बसले, त्याच कपड्यांत, आणि पहिल्या आळ्याचा काठ हातानं फोडला. पाणी भसकन बाहेर आलं आणि उतारावरून गेलं, गटारात, समुद्राकडे. त्यांनी ते जाऊ दिलं.

"हातानं व्हायचं नाही हे," वर न बघता म्हणाले. "अझीमला म्हणावं, गाडी बंद कर. आणि पडवीतली दुसरी कुदळ घेऊन ये."

मी गेले सांगायला.